दागिन्यांची मोजदाद

गेल्या श्रावणात आपल्या मंडळाच्या मंगळागौरीला फुगड्या संपल्यावर एक गमतीचा वाद निघाला. मोत्याची नथ रिठ्याच्या पाण्यात घालावी की घालू नये? एकीचे म्हणणे, आमच्या माहेरी नेहमी घालत आणि काही बिघडले नाही. दुसरीची नथ तशीच घालून निस्तेज झालेली. तिसरीने टूथपेस्टचे नाव काढले, तेव्हा मात्र मला राहवले नाही व मी जरा मोठ्याने बोलले. त्याची शिक्षा म्हणून चिटणीसबाईंनी तिथेच फर्मावले, ‘‘काकू, आता स्मरणिकेसाठी घरच्या घरी दागिने कसे स्वच्छ करावे, ते तुम्हीच लिहा.’’

लिहायला बसले तेव्हा ध्यानात आले की, रिठ्याचे पाणी चार ओळींत संपते. पण दागिने धुवायचे कोणी, धुताना मोजायचे कोणी, आणि धुऊन ठेवायचे ते कोणाच्या कुलपात, हे लिहू लागले की आपल्या नागपूरचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आड येतो. तेव्हा हा लेख थोडा युक्त्यांचा आणि पुष्कळसा इतिहासाचा झाला आहे. मैत्रिणींनी सांभाळून घ्यावे.

माझे सासर महालातले. १९७१ साली मी त्या घरात आले. भाद्रपदात महालक्ष्म्या बसत. पुण्याकडच्या लोकांच्या त्या गौरी. मुखवट्यांना घरातले सगळे दागिने चढवायचे असल्यामुळे आदल्या आठवड्यात दागिने धुण्याचा एक दिवस ठरलेला असे. सासूबाई रात्री आठ-दहा रिठे फोडून, बिया काढून पाण्यात भिजत घालत. सकाळी ते पाणी कोमट करून, हाताने फेस काढून फडक्यातून गाळत. मग माजघराचे दार लावून घेत. मोलकरणीवर अविश्वास म्हणून नव्हे; दार लावले म्हणजे मुले मध्ये येत नाहीत आणि मोजणी चुकत नाही, असे त्या म्हणत. पितळेच्या परातीत मऊ पंचा पसरायचा व त्यावर एक-एक दागिना ठेवायचा. पाटल्या, तोडे, एकदाणी पाण्यात जात. ठुशी, बोरमाळ आणि गोठ यांना मात्र पाण्यात बुडवायची बंदी होती, कारण त्यांच्या मण्यांत व नळीत लाख भरलेली असते. कढत पाणी लागले की ती मऊ होते, आणि फटीतून पाणी आत शिरले की सोने आतून पोचट होते. त्यांना ओल्या फडक्याने पुसायचे व लगेच कोरडे करायचे. नथीला तर पाणी मुळीच लावायचे नाही. मोती हा चुन्याच्याच जातीचा पदार्थ. लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी तो खातो. रिठ्याने तो लगेच खात नसला तरी ओवलेला धागा कुजतो, आणि खड्याखालचा चमकता वर्ख काळा पडतो. मोत्यांना कोरडी मलमल पुरे. मंगळागौरीच्या वादाचे उत्तर हे असे आहे, आणि दोन्ही भगिनींचे अनुभव खरे असू शकतात. एकीची नथ नवी ओवलेली असेल आणि दुसरीची जुनी.

पण मला जी गोष्ट पुढे फार मोलाची वाटली ती निराळीच. धुऊन झालेले पाणी सासूबाई ओतून देत नसत. ते कोपऱ्यात तसेच ठेवत. दागिने सावलीत वाळले की जुन्या लाल वहीतून एक-एक नाव वाचत आणि मी तो दागिना उचलून दाखवायचा. मणी किती, खडे किती, फासा घट्ट आहे की सैल, सारे वहीशी ताडून पाहायचे. हिशेब जुळला तरच पाणी गाळून, गाळणे पाहून मोरीत जाई. एके वर्षी चपलाहारातला एक माणिक त्या गाळण्यातच सापडला होता. तेव्हा मला वाटे, काय ही कटकट! आज वाटते, धुणे हे निमित्त होते. खरे काम मोजदादीचे होते. वर्षातून एकदा, बाईच्या हाताने, दार लावून.

त्या वहीत वजने तोळे, मासे, गुंजांत होती. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. आजच्या मापाने तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. दागिन्यासमोर एक रकाना असे, ‘कोणी दिला’. आणि त्यापुढे दुसरा, ‘कोणाचा’. हा दुसरा रकाना नीट भरलेला असणे किती अवघड आहे, हे कळण्यासाठी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या भोसल्यांच्या वाड्यात जावे लागेल.

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. त्यांना मुलगा नव्हता. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा केले. एवढे शाळेत शिकवतात. त्यानंतर वाड्यात काय घडले ते शाळेत शिकवत नाहीत. राज्य गेल्यावर राजाची जंगम मालमत्ताही कंपनी सरकारने ताब्यात घेतली. हत्ती, उंट, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात काढले. जॉन विल्यम के या इंग्रज इतिहासकाराने १८५७ च्या उठावाच्या इतिहासात याची नोंद केली आहे: पाचशे-सहाशे जनावरे अवघ्या तेराशे पौंडांत गेली. तेव्हाच्या दराने ते तेरा हजार रुपये होतात, म्हणजे हत्ती धरूनही जनावरामागे सरासरी चोवीस-पंचवीस रुपये! मग सामानसुमानाची पाळी आली, आणि शेवटी जडजवाहीर. राण्यांना थोडेफार ठेवून बाकीचे भोसल्यांचे दागिने कलकत्त्याच्या बाजारात विकायला धाडले. विक्रीचे पैसे भोसले कुटुंबाच्या निर्वाहासाठी निराळ्या निधीत ठेवले, असे कंपनीचे समर्थन होते. पण दागिना मोडून त्याचे वर्षासन करून घ्यायचे आहे का, हे ज्यांच्या अंगावर तो होता त्यांना कोणी विचारले नाही. राण्यांनी अर्ज केले, विनंत्या केल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. खुद्द के यानेच लिहून ठेवले आहे की, राज्य घेण्याने लोकांचे मन जितके दुखावले नाही तितके या लिलावाने दुखावले.

या वेळी वाड्यात सर्वांत वडील बाई होत्या त्या बाकाबाई, दुसऱ्या रघूजींच्या विधवा. १८१८ साली तिसरे रघूजी अल्पवयात गादीवर बसले, तेव्हापासून त्यांच्या सांभाळाची आणि वाड्याची जबाबदारी बाकाबाईंकडे होती. छत्तीस वर्षे ज्या बाईने ते घर राखले, तिच्यासमोर घरातले सामान बाहेर निघू लागले. ऐंशीच्या घरातल्या त्या म्हाताऱ्या बाईने सांगितले, सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन. सामान हललेच. आग काही लागली नाही.

येथे थोडे विषयांतर करते. बाकाबाईंचे नाव आज नागपुरात कोणाला ठाऊक असलेच तर ते काळ्या मारबतीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ती काळी मारबत निघते, ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाची इडापिडा घालवतात, आणि ही मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, असे परंपरेने सांगतात. १८५७ साली नागपुरात उठाव होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या माणसांना आवरले, हे खरे आहे. १८५८ साली त्या वारल्या. मी इतिहासाची पंडित नाही आणि त्यांच्या राजकारणाची वकिली करायला मी उभी नाही. परंतु ज्या बाईला आपण दरवर्षी वेशीबाहेर नेतो, तिनेच तीन वर्षांपूर्वी त्याच इंग्रजांना वाडा पेटवण्याची धमकी दिली होती, तीही घरच्या वस्तूंसाठी, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? मला स्वतःला ते पन्नाशी उलटल्यावर वाचनात आले. त्यानंतर मारबत दारावरून जाताना मला पहिल्यासारखी मजा वाटत नाही.

असो. प्रश्न असा की, राण्यांचे दागिने राण्यांचे का राहिले नाहीत? राजवाड्यातले जवाहीर जामदारखान्यात असते. त्याची किल्ली दरबारच्या माणसांकडे, याद्या कारकुनांकडे. सणावाराला दागिना निघतो, राणीच्या अंगावर चढतो, आणि उतरला की परत जामदारखान्यात. अशा दागिन्याबद्दल परक्या अधिकाऱ्याने विचारले, हा राज्याचा की राजाचा, राजाचा की राणीचा, तर उत्तर कागदावर कोठून मिळणार? वापर बाईचा आणि ताबा खजिन्याचा. मग खजिना ज्याच्या हाती गेला त्याच्याच हाती दागिनाही गेला.

आता राजवाडा सोडून साध्या घरात येऊ. आपल्या आईच्या पिढीत किती घरांत असाच लहानसा जामदारखाना नव्हता? लोखंडी संदूक, तिची किल्ली सासऱ्यांच्या जानव्याला. लग्नकार्य आले की दागिने निघायचे आणि मांडव उतरला की आत. धर्मशास्त्राने स्त्रीधन मानले होते, यात शंका नाही. बाईला विवाहप्रसंगी व आई, बाप, भाऊ यांच्याकडून मिळालेले ते तिचे. पण त्याच शास्त्राने पळवाटही ठेवली होती. दुष्काळ, आजार, धर्मकार्य किंवा कैद अशा प्रसंगी नवऱ्याने स्त्रीधन घेतले तर ते परत देण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. आमच्या विदर्भात दुष्काळ काही दुर्मिळ नव्हता! १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बाईच्या ताब्यातील मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मानली. आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी खटल्यात स्पष्टच सांगितले की, सासरी सांभाळायला दिलेले स्त्रीधन ही ठेव आहे. ते परत न देणे हा विश्वासघाताचा गुन्हा होतो.

माझ्या धाकट्या मावशीची गोष्ट मात्र या निकालाच्या फार आधीची. ती तिशीतच विधवा झाली. सासर तालुक्याच्या गावी. तेराव्यानंतर माहेरी परतताना दागिन्यांची गोष्ट निघाली, तेव्हा तिकडच्या वडीलधाऱ्यांनी शांतपणे सांगितले, घरचे सोने घरात राहील. भांडण नाही, आवाज नाही. माझी आजी, म्हणजे तिची आई, फारशी शिकलेली नव्हती. पण लग्नात लेकीला दिलेल्या दागिन्यांची यादी तिने मोडक्या बालबोधीत लिहून ठेवली होती, सोनाराच्या काट्यावरच्या वजनासह. मामा ती यादी घेऊन गेले. गावातले चार शहाणे बसले, यादी वाचली गेली, आणि यादीतले चारही दागिने परत आले. जे तीन दागिने तिला पुढे पाडव्याला आणि डोहाळजेवणाला मिळाले होते, ते कोणी लिहिले नव्हते. ते राहिले ते राहिलेच. परत आलेल्यांतले गोठ मोडून मावशीने शिवणयंत्र घेतले. माझ्या लग्नातली चोळी तिनेच शिवली.

दागिने ठेवण्याच्या जागांचा इतिहास लिहायचा तर तो भीतीचा इतिहास होईल. आमच्या आजोळी माजघराच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यावर गिलावा करून पुन्हा भिंत सारखी करता येई. कणगीत धान्याखाली, चुलीच्या मागे, देव्हाऱ्याच्या पाटाखाली, गोठ्यात गव्हाणीजवळ. प्रत्येक घराची जागा ठरलेली, आणि ती एकट्या म्हाताऱ्या बाईला ठाऊक. या सवयी पेंढाऱ्यांच्या काळातल्या असाव्यात. १८११ साली पेंढारी थेट नागपूरपर्यंत आले आणि त्यांनी शहराचा एक भाग जाळला होता. पुरून ठेवल्याने चोरापासून वाचे, पण पुरणारी अचानक गेली की सोने जमिनीचेच होई. म्हणून तर घरोघरी मोहरांच्या हंड्याच्या कथा. पुढे इंग्रजांनी १८७८ साली त्यासाठीही कायदा केला; जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर कलेक्टरला कळवणे भाग आहे. तेव्हा जुने घर पाडताना पणजीचा हंडा हाती लागलाच तर लगेच पेढे वाटू नयेत! शुद्ध सोने जमिनीत शंभर वर्षे राहिले तरी तसेच निघते. चांदी मात्र मातीतल्या क्षारांनी खाल्ली जाते आणि तिच्यावर राखी पापुद्रे चढतात.

चांदीचे नाव निघाले म्हणून सांगते. चांदी काळी पडते ती गंजते म्हणून नव्हे. हवेतला गंधकाचा अंश चांदीशी जुळतो आणि काळा थर बसतो. अंडी, कांदा, लोकर, रबर या सर्वांत गंधक असते. म्हणून पैंजणांची जोडी रबराने बांधून लोकरीच्या शालीत ठेवणाऱ्या माझ्या जाऊबाईंना दरवर्षी काळे पैंजण मिळत, आणि त्या सोनाराला दोष देत. पूर्वी आम्ही राखेने, रांगोळीने चांदी घासत असू. लखलखीत होई, पण प्रत्येक घासण्याबरोबर थोडी चांदीही जाई. आमच्या देव्हाऱ्यातील अन्नपूर्णेचे नाक-डोळे चार पिढ्यांच्या भक्तीने पार पुसले गेले आहेत. त्यापेक्षा सोपे म्हणजे भांड्यात अल्युमिनियमचा पातळ कागद पसरावा, कढत पाणी, खाण्याचा सोडा व मीठ घालावे आणि चांदी त्या कागदाला टेकून पाच मिनिटे ठेवावी. गंधक चांदीला सोडून अल्युमिनियमकडे जातो. चांदी झिजत नाही. खड्यांच्या, मोत्यांच्या किंवा मुद्दाम काळ्या केलेल्या नक्षीच्या चांदीला हे करू नये. वाळवून मऊ सुती कापडात गुंडाळून प्रत्येक जिन्नस वेगळा ठेवावा, डब्यात खडूचा तुकडा टाकावा म्हणजे ओल शोषली जाते. सोन्याला सोनाराचा गुलाबी कागद चालतो, वर्तमानपत्र नको. आणि सोने पाऱ्यापासून लांब ठेवावे. ताप पाहण्याची जुनी काचेची नळी फुटून आमच्याकडे एका अंगठीला पारा लागला, तर ती क्षणात चांदीसारखी पांढरी झाली. नुसत्या पुसण्याने तो डाग जात नाही.

सासूबाईंच्या वहीत १९६३ सालच्या पानावर एक गोष्ट लिहिली आहे, तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या वर्षी जानेवारीत अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण आणले. चीनचे युद्ध नुकतेच झाले होते, परकीय चलनाची तूट होती, आणि चोरटे सोने थांबवायचे होते. चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. बावीस कॅरट म्हणजे शंभरात जवळजवळ ब्याण्णव भाग सोने. चौदा म्हणजे अठ्ठावन्न. असला दागिना लेकीला कोण देणार? देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या. कित्येकांनी धंदा सोडला, काहींनी जीव दिला. १९६६ साली ही कॅरटची अट उठली, १९६८ ला नवा सुवर्णनियंत्रण कायदा झाला, आणि तो १९९० साली रद्द झाला. सासूबाईंच्या मनात त्या वर्षी जुनी वज्रटीक मोडून नव्या तऱ्हेच्या बांगड्या करायचे होते. वहीत तिच्यापुढे ‘मोडणे’ असे लिहून पुढे काट मारली आहे आणि खाली लिहिले आहे, ‘चौदाच्या करायच्या नाहीत. राहू दे.’ त्यामुळे ती वज्रटीक वाचली. आता तिच्यासारखी घडवून मागायला लोक इतवारीच्या सराफ्यात फोटो घेऊन फिरतात.

वहीची खरी किंमत मला कळली ती १९९६ साली, आणि ती माझ्याच मूर्खपणामुळे. दुपारी दोन तरुण दारावर आले. दागिने चमकवण्याची पावडर कंपनीतर्फे फुकट दाखवतो, म्हणाले. आधी त्यांनी तांब्याचा गडू चमकवला, मग चांदीचे निरांजन. माझा विश्वास बसला. मग माझ्या हातातल्या पाटल्या उतरवून घेतल्या, कसल्याशा द्रावणात बुडवल्या, शेवटी हळदीच्या पाण्यात घालून डब्यात बंद केल्या आणि सांगितले, ‘‘मावशी, पंधरा मिनिटांनी उघडा, चकाकी येईल.’’ पाटल्या डब्यात होत्या, पळवल्या नव्हत्या. चकाकीही होती. म्हणून मी घरात काही बोललेसुद्धा नाही. भाद्रपदात सासूबाईंनी नुसती हातावर तोलून विचारले, ‘‘या हलक्या कशा लागतात गं?’’ वहीत जोडीचे वजन चार तोळे दोन मासे, म्हणजे साडेअठ्ठेचाळीस ग्रॅमच्या वर. सराफाच्या काट्यावर भरले साडेत्रेचाळीस. पाच ग्रॅम सोने त्या द्रावणात विरघळून दाराबाहेर गेले होते. सासूबाई मला रागावल्या नाहीत. त्यांनी जुन्या वजनावर रेघ मारली, नवे लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात लिहिले, ‘विश्वास’. तो शब्द अजून तेथे आहे.

त्या द्रावणाला अम्लराज म्हणतात. नायट्रिक आम्ल एक भाग व हायड्रोक्लोरिक आम्ल तीन भाग. कोणत्याही एकट्या आम्लाला सोने दाद देत नाही. दोन्ही मिळाली की विरघळते. याच पाण्याने एकदा सोने वाचवले आहे, तेही सांगते. १९४० साली जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले, तेव्हा नील्स बोर यांच्या प्रयोगशाळेत दोन जर्मन शास्त्रज्ञांची, माक्स फोन लाउए आणि जेम्स फ्रँक यांची, नोबेल पदके ठेवीदाखल होती. सापडली असती तर पाठवणारे प्राणाला मुकते. हेवेशी नावाच्या शास्त्रज्ञाने ती पदके अम्लराजात विरघळवली आणि बाटली फळीवर ठेवून दिली. सैनिकांना ते नुसते रंगीत पाणी वाटले. युद्ध संपल्यावर त्याच पाण्यातून सोने परत मिळवून पदके पुन्हा घडवली गेली. आमचे पाच ग्रॅम मात्र कोणत्या फळीवर गेले कोण जाणे.

आता सगळ्यांचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये. बरे झाले, गिलाव्यामागच्या कोनाड्यापेक्षा ते पुष्कळ चांगले. पण एक गोष्ट अनेकींना माहीत नसते. लॉकरमध्ये तुम्ही काय ठेवले हे बँकेला ठाऊक नसते आणि ती विचारतही नाही. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा नोकरांची लबाडी यामुळे नुकसान झाले तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच. पूर किंवा भूकंप यांसारख्या नैसर्गिक आपत्तीची जबाबदारी तिच्यावर नाही, बँकेचा स्वतःचा हलगर्जीपणा नसेल तर. म्हणजे यादी आपल्याच घरी हवी. वजनासह, सराफाच्या पावतीसह, आणि नव्या दागिन्यावर सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक असतो तो धरून. शिवाय लॉकर कोणाच्या नावावर आहे? आमच्या मंडळात मी सहज विचारले, तर पुष्कळजणींचे उत्तर आले, ‘‘ह्यांच्या.’’ माझे नाव दुसरे आहे का, नामनिर्देशन कोणाचे आहे, हे घरी विचारून सांगते, असे म्हणून दोघीतिघी गेल्या. अजून त्यांनी सांगितलेले नाही.

सासूबाई २००४ साली गेल्या. वही माझ्याकडे आली. लॉकरमधून दागिने महालक्ष्म्यांसाठी आणण्याचे आता धाडस होत नाही. मुखवट्यांना ठुशी आणि नथ एवढीच चढते, बाकी खोटे. पण भाद्रपदाच्या आधी एका सकाळी मी आणि सूनबाई बँकेत जाऊन डबा उघडतो. तिथे रिठ्याचे पाणी नसते. मलमलीने पुसून, मोबाइलवर एक-एक फोटो काढून ती वहीत खूण करते. तिचे स्वतःचे दागिने तिने निराळ्या पानावर, स्वतःच्या अक्षरात लिहिले आहेत. मीच तसे सांगितले होते. तिला आधी ते बरे वाटले नाही, परक्यासारखे वाटले म्हणाली. गेल्या वर्षी तिनेच ते पान आपल्या आईला दाखवले.

वहीतला ‘कोणाचा’ हा रकाना आता सगळीकडे भरला आहे, एक वज्रटीक सोडून. ती सासूबाईंनी मोडायची राहिलेली. त्यांनी तिच्यासमोर कोणाचे नाव लिहिले नाही, आणि मीही गेल्या वीस वर्षांत लिहिले नाही. माझ्या दोन लेकी आहेत आणि ही सून. येत्या महालक्ष्म्यांच्या आत तिघींना बसवून ते नाव लिहायचे आहे. सराफाने वजन करून दिले आहे, तीन तोळे सात मासे.